सिस्टर गोड बोलतात, पण बाबा रात्री कण्हतात

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय.

"ताई, माझे बाबा 74 वर्षांचे. फुफ्फुसाचा कॅन्सर, आता हाडांत पसरलाय. डॉक्टर म्हणाले केमोचा आता उपयोग नाही, घरीच हॉस्पिस केअर घ्या, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी ठेवणारी सेवा. आमच्या भागातली एक संस्था लावली, त्याला 17 दिवस झाले. सिस्टर आठवड्यातून दोनदा येतात, फार गोड बोलतात, बाबांनाही आवडतात. पण बाबा रात्रभर कण्हतात, कूस बदलायला गेलं की ओरडतात. मी सांगितलं तर सिस्टर म्हणाल्या हाडांत गेलंय म्हटल्यावर असं होणारच, थोडं सहन करावं लागतं. नणंद म्हणते मॉर्फिन वाढवू देऊ नका, त्याने माणूस लवकर जातो. भाऊ लांब असतो, तो फोनवर म्हणतो रेटिंग बघ आणि दुसरी संस्था लाव. बाबा बरे होणार नाहीत हे मला कळलंय ताई, पण मग ही सेवा चांगली की वाईट हे ओळखायचं तरी कशावरून? आणि एवढ्या चांगल्या माणसांबद्दल तक्रार करणं बरोबर आहे का? – तुमची एक वाचक लेक"

अगं लेकी, (अगंतुगं करतेय, चालवून घे, 22 वर्षं नर्सिंग केलंय त्यामुळे समोरच्याला नात्यात ओढायची सवयच लागलीये)

तुझा प्रश्न लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप अवघड आहे. ऑपरेशनचा डॉक्टर चांगला की नाही हे पेशंट चालत घरी आला यावरून कळतं, इथे शेवट सगळ्यांचा एकच, त्यामुळे संस्था कितीही ढिसाळ असली तरी ते झाकायला "काय करणार, आजारच तसा होता" हे वाक्य तयारच असतं. म्हणून शेवटाकडे बघून काही कळत नाही, मधल्या रात्रींकडे बघायचं. आणि तुझ्या बाबांच्या रात्री वाईट चालल्यात. म्हणजे निदान या एका बाबतीत तरी काम नीट होत नाहीये, सिस्टर कितीही गोड असोत.

"असं होणारच" या वाक्यावर मी जरा जास्त बोलणारे कारण ते मी स्वतः बोललेय. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, एका पेशंटच्या मुलाला मी हेच ऐकवलं आणि मागे आमच्या मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, त्यांनी मला औषधांच्या खोलीत नेऊन विचारलं की होणारच हे तू ठरवलंस का डॉक्टरांनी, आणि तो पेशंट शेवटचा डोस किती वाजता घेतो ते तरी तुला माहितीये का. मला माहिती नव्हतं. तेव्हापासून हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. हाडातलं दुखणं हट्टी असतं हे खरंय, शून्यावर येईलच असं कोणी सांगू शकत नाही, पण 17 दिवसांत एकदाही डोस बदलला नाही, औषध बदललं नाही, डॉक्टरांना फोन केला नाही आणि "सहन करा" म्हटलं, हे होणारच या सदरात येत नाही.

मग चांगली टीम काय करते ते ऐक, म्हणजे तुला तुलना करायला काहीतरी हाताशी राहील.

पहिली गोष्ट ते विचारतात, आणि आकड्यात विचारतात. दुखणं 0 ते 10 मध्ये किती, रात्री किती, हलवल्यावर किती, गोळीनंतर तासाभराने किती. कॅनडातल्या एडमंटन शहरात तयार झालेला आणि 1991 साली प्रसिद्ध झालेला एक साधा तक्ता आज जगभरात वापरतात, त्यात दुखणं, थकवा, मळमळ, धाप, भूक, ग्लानी, चिंता, उदासी असं एकेक विचारून 0 ते 10 आकडा लिहितात. तक्ता हाच पाहिजे असं नाही गं, साध्या वहीत लिहिलं तरी चालतं, पण मागच्या खेपेचा आकडा या खेपेला कोणी काढून बघितला का हे महत्त्वाचं. तुझ्याकडच्या फाईलमध्ये बघ. नुसतं "पेशंट स्थिर, नातेवाइकांना धीर दिला" असं लिहिलेलं असेल तर समजून जा.

दुसरं, वेळापत्रक. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग पुन्हा शिकून डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी ज्या गोष्टीसाठी जीव तोडून भांडण केलं ती म्हणजे सतत दुखणाऱ्या माणसाला औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, तो कळवळेपर्यंत थांबून नाही. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा किंवा पातळ औषधाचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती चार-चार तासांनी देतात, नाहीतर सावकाश सुटणारी गोळी दिवसातून दोनदा. आता तूच हिशोब कर, रात्री नऊला साधी गोळी आणि पुढची सकाळी सातला असं चाललं असेल तर मधले तास बाबा कशावर काढतायत? पुष्कळदा रात्रीच्या कण्हण्यामागे एवढंच कारण असतं.

आणि त्याशिवाय एक जादा डोस लागतो, मध्येच कळ आली तर द्यायचा. त्याला ब्रेकथ्रू डोस म्हणतात, दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या साधारण सहाव्या ते दहाव्या हिश्श्याएवढा असतो, किती ते डॉक्टर ठरवतात, पण तो घरात आहे का, तुला दाखवलाय का, किती वेळाने परत देता येतो हे लिहून दिलंय का? कूस बदलताना ओरडतात म्हणालीस ना, अशा हालचालीच्या दुखण्याला अंघोळीच्या किंवा चादर बदलायच्या अर्धा तास आधी हा डोस देऊन ठेवतात. ही गोष्ट 17 दिवसांत कोणी सांगितली नसेल तर मला त्या संस्थेचं माहितीपत्रक बघायची गरज नाही. (त्या माहितीपत्रकांवर कायम दोन हात एकमेकांत गुंफलेला फोटो असतो, कधी लक्ष दिलंयस का? हातात घड्याळ असलेला फोटो एकदा तरी टाका म्हणावं.)

हाडांच्या दुखण्याला आणखी पण उपाय असतात. केमो थांबली म्हणजे रेडिएशनचा दरवाजा पण बंद झाला असं नाही, दुखणाऱ्या एका ठिकाणी एकदाच रेडिएशन देऊनही बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं, असर यायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात म्हणून बाबांकडे तेवढा वेळ आणि ताकद आहे का हे डॉक्टरांनाच विचारायचं. ते "या अवस्थेत प्रवास नको" म्हणाले तर तेही चांगलं उत्तर आहे, मुद्दा हा की कोणीतरी त्याचा विचार केला होता का.

आणि एक धोक्याची सूचना, ही मात्र मी आजच सांगून ठेवते. कॅन्सर मणक्यात असेल तर पाठीत नवीनच जोरात दुखायला लागणं, पाय जड पडणं, बधिर होणं, लघवी अडकणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा, कारण मज्जारज्जूवर दाब आला तर काही तासांच्या उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात. ज्यांच्या हाडांत पसरलंय त्यांच्या घरच्यांना चांगली टीम हे पहिल्याच भेटीत सांगते. तुला सांगितलं होतं का?

आता नणंदेचं. तिच्यावर चिडू नकोस, ही भीती इतकी पसरलेली आहे की कधीकधी डॉक्टरांच्या डोक्यात पण असते. मॉर्फिन थोडंथोडं वाढवत, दुखण्याच्या मापाने दिलं तर त्याने माणूस लवकर जात नाही. लोकांना तसं वाटतं कारण शेवटच्या दिवसांतही ते चालूच असतं, म्हणजे कुठला तरी एक डोस शेवटचा असणारच आणि तो ज्याच्या हातून दिला गेला त्याच्या मनात ते राहून जातं. सुरुवातीला ग्लानी येते, मळमळतं, ते बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं. जे कमी होत नाही ते म्हणजे बद्धकोष्ठ, म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं असतं, आणि इथे तुला एक फुकटची परीक्षा मिळते बघ, बाबांना ते औषध सुरू आहे का आणि शेवटचं पोट कधी साफ झालं हे सिस्टर विचारतात का. ज्या टीमला शौचाबद्दल विचारायला लाज वाटत नाही ती टीम चांगली, हे माझं स्वतःचं मोजमाप आहे आणि अजून तरी चुकलेलं नाही. डोस जास्त झाल्याची लक्षणं पण तुला माहिती पाहिजेत, हाक मारून उठत नाहीत इतकी गुंगी, श्वास फारच संथ, हातपाय झटके दिल्यासारखे उडणं, किडनी बिघडलेली असेल तर हे लवकर होतं, तेव्हा लगेच कळवायचं. आणि उलट बाजूने, घाबरून एकदम बंदही करायचं नाही, शरीराला सवय झालेली असते, त्रास होतो.

भावाच्या रेटिंगबद्दल काय सांगू. त्याला काहीतरी करायचंय आणि लांबून एवढंच करता येतं, म्हणून रागावू नकोस. पण त्या तारे दिलेल्या मतांत लोक काय लिहितात, सिस्टर देवमाणूस होत्या, सगळे प्रेमाने वागले. खरंही असतं ते. पण ज्या घरात वाईट रात्री गेल्या त्या घरातली माणसं नंतर लिहायला बसत नाहीत, त्यांना ते आठवायचं पण नसतं. त्यापेक्षा भावाला एक खरं काम दे. तुमच्या भागात दुसरी संस्था असेल तर त्याने फोन लावावा आणि तुमच्याकडे काय काय सेवा आहेत असं विचारू नये, त्याला पाठ केलेलं उत्तर येतं. त्याने विचारावं की मागच्या वेळी रात्री दोन वाजता एखाद्या घरातून दुखण्याचा फोन आला तेव्हा कोणी उचलला आणि पुढे काय झालं. जे खरंच रात्री काम करतात ते लगेच सांगायला लागतात, नाव न घेता एखादा किस्साच सांगतात, मध्ये मध्ये स्वतःच्या चुका पण सांगतात. जे करत नाहीत ते म्हणतात आमची 24 तास हेल्पलाईन आहे. मग त्याने विचारावं डॉक्टर स्वतः घरी येतात का, मॉर्फिन लिहून द्यायचा त्यांना अधिकार आहे का, पैशांत औषधं धरलीयेत का, शेवटच्या दिवसांत भेटी वाढतात का. आठवड्यातून दोन भेटी हे कमीही नाही आणि जास्तही नाही, माणूस कोसळायला लागल्यावर रोज येणार का यावर सगळं आहे.

तुझ्या आत्ताच्या संस्थेची पण हीच परीक्षा घे, खोटं काही करायची गरज नाही, आज रात्री अकरा-साडेअकराला बाबा कण्हायला लागले की फोन कर. कोण उचलतंय, बाबांचं नाव सांगितल्यावर त्यांच्यासमोर फाईल आहे का, आत्ता काय द्यायचं ते सांगतायत का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तासाभराने स्वतःहून परत फोन करून विचारतायत का की बरं वाटलं का. "उद्या सिस्टर येतील तेव्हा बघू" किंवा सरळ "ॲडमिट करा" एवढंच ऐकू आलं तर तुला कळलं.

आणखी एक बघायचं राहिलं, घरातला औषधांचा डबा. शेवटच्या दिवसांत गिळता येईनासं होतं, घशात घरघर लागते, काहीजण खूप बेचैन होतात, अंथरूण ओढतात, उठून चाललो म्हणतात. हे रात्री अचानक झालं तर दुकान शोधत फिरायचं का? चांगल्या संस्था दुखण्यावर, बेचैनीवर, उलटीवर आणि घरघरीवर द्यायची औषधं आधीच घरात आणून ठेवतात, जिभेखाली द्यायची किंवा कातडीखाली टोचायची, आणि कुठलं कधी द्यायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून देतात. त्या घरघरीबद्दल पण आधीच सांगतात की ती ऐकणाऱ्याला जेवढी भयंकर वाटते तेवढा त्रास त्या बेशुद्ध माणसाला बहुधा होत नसतो, कुशीवर वळवलं की कमी होते. श्वास मध्येच थांबून परत सुरू होईल, हातपाय गार पडतील, कातडीवर जांभळे डाग दिसतील, भूक जाईल आणि सलाईन लावून ती परत येणार नाही, उलट त्या पाण्याने सूज किंवा छातीत घरघर वाढू शकते, त्यापेक्षा ओठ आणि तोंड ओलं ठेवा, हे सगळं कोणीतरी तुझ्यासमोर खुर्चीत बसून, घाई न करता सांगायला पाहिजे. रात्री काही झालं तर कोण येणार, कागद कोण करणार हेही. तू अजून विचारलं नसशील, कोणीच विचारत नाही, म्हणून तर त्यांनी आपणहून सांगायचं असतं.

आणि बाबांना कोणी विचारलं का गं? तुझ्या पत्रात सिस्टर तुझ्याशी बोलतात, तुला धीर देतात, पण बाबांना नेमकी कशाची भीती वाटते हे कोणी त्यांच्याजवळ बसून विचारल्याचं दिसलं नाही. त्या सॉन्डर्सबाईंनीच एक कल्पना मांडली होती, टोटल पेन, म्हणजे दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं असतं, घरादाराच्या काळजीचं असतं, आयुष्याचा काय अर्थ लागला त्याचंही असतं. दिवसा बरे असतात आणि अंधार पडला की कण्हायला लागतात असं असेल तर डोसचं गणित तपासायचंच, पण त्याबरोबर रात्री एकटं पडायची भीती आहे का हेही बघायचं. उलटं मात्र कोणी करायला लागलं, की आधीच "हे मानसिक आहे" म्हणून टाकलं आणि गोळीचं वेळापत्रक बघितलंच नाही, तर त्यांना तिथेच थांबव.

तक्रारीचं म्हणशील तर तो शब्दच सोडून दे. सिस्टरना बाजूला ठेवून थेट डॉक्टरांना सांग, अगदी असं सांग: "डॉक्टर, गेल्या तीन रात्री बाबांचं दुखणं 10 पैकी 8 आहे, शेवटची गोळी नऊला असते, एक वाजता जाग येते, कूस बदलताना ओरडतात, जादा डोस कुठला द्यायचा ते आम्हाला माहिती नाही. उद्यापर्यंत आपण काय बदलणार आहोत?" यात कोणाची निंदा नाही की कोणाचा अपमान नाही. आणि सिस्टर खरंच चांगल्या असतील तर त्यांना सुटल्यासारखं वाटेल, कारण कित्येकदा त्यांच्या हातात डोस बदलायचा अधिकारच नसतो, वरून कोणी फोन उचलत नाही, मग त्या गोड बोलतात, तेवढंच त्यांच्या हातात असतं. मी तिथे होते म्हणून सांगतेय.

दोन दिवस दे. 48 तासांत औषध बदललं, कोणी फोन करून विचारलं, रात्र थोडी तरी शांत गेली तर संस्था बदलू नकोस, बाबांना त्या माणसांची सवय झालीये त्यालाही किंमत आहे. काहीच हललं नाही तर मात्र बदल, 17 दिवस झाले म्हणून आता कसं असा विचार करू नकोस. बदलताना चालू औषधांची यादी डोस आणि वेळेसकट लिहून घे, आणि नव्या टीमची पहिली भेट होईपर्यंत पुरेल एवढं मॉर्फिन घरात आहे ना ते आधी बघ, मध्ये एक दिवसही खंड पडायला नको.

तुझ्या पत्रात एक ओळ खोडलेली होती, वाचता येत होती. आपण हार मानली का असं लिहिलं होतंस. 2010 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, फुफ्फुसाचाच कॅन्सर, पसरलेला, 151 पेशंट. अर्ध्यांना नेहमीचे उपचार आणि अर्ध्यांना त्याबरोबर निदान झाल्यापासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करणारी सेवा. दुसऱ्या गटातल्या लोकांनी शेवटी शेवटी जड उपचार कमी घेतले, मनाने जास्त बरे राहिले, आणि जगले पण थोडे जास्त, मध्यक (म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले तो आकडा) 11.6 महिने, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा 8.9. बाबांची गोष्ट वेगळ्या टप्प्यावर आहे, तोच आकडा त्यांना लावता येणार नाही, पण दुखणं नीट सांभाळणं म्हणजे हात वर करणं असं ज्यांना वाटतं त्यांना हे ऐकव.

आता आज करायचं काम. एक वही घे, चार रकाने पाड, वेळ, दुखणं किती, काय दिलं, तासाभराने किती. ही वही नणंदेकडे दे. तिला मॉर्फिनची भीती वाटते ना, मग तिनेच लिहू दे, गोळी दिल्यावर बाबांचा श्वास कसा चालतो आणि कपाळावरच्या आठ्या कधी जातात ते ती स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. आणि ती लिहीत बसलेली असेल तेवढा वेळ तू झोप. मला पुढच्या आठवड्यात कळव, रात्री फोन कोणी उचलला ते.